चौदाव्या पानावरचं आकाश

महाल, नागपूर
२ मे १९७३

प्रिय गोपाळ,

नमस्कार. खुशाली मागाहून लिहितो, आधी तक्रार नोंदवून घे.

तू इंदूरहून पाठवलेली शेव काल पोचली. पोचली म्हणजे पिशवी पोचली. आत जे होतं त्याला आयुर्वेदात चूर्ण म्हणतात. ते कोमट पाण्यातून घ्यायचं की मधातून, याचा तुझ्या पत्रात कुठेही उल्लेख नाही. जो माणूस अकरा वर्षं एका विषयाचा अभ्यास करतो, त्याला पोस्टातल्या ठोशाचा शेवेवर काय परिणाम होईल याचं साधं अनुमान करता येऊ नये, हा मी न्यायशास्त्राचा अपमान समजतो. कौशल्येनं ते भातावर पेरून वाढलं. मी दोनदा मागून घेतलं. तरी तक्रार कायम.

इथे ऊन चव्वेचाळीसवर गेलंय. शाळेला सुट्ट्या लागल्यामुळे संस्कृत न शिकण्याचा आनंद आता पोरांना उघडपणे घेता येतो, एरवी ती तो वर्गात बसून घेतात. माझी दाढ दुखते. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं. तू विचारलेस ते सात प्रश्न, सातही चित्रांबद्दल. उत्तरं देतो.

हॅलमसाहेबांचं पत्र मलाही आलं. मंगळवारी, आठ तारखेला सकाळी दहाला ते घरी येतात. लंडनच्या संग्रहालयातला माणूस महालातल्या आमच्या दोन खोल्यांत कुठे बसवायचा, हा प्रश्न कौशल्येनं शेजारची खुर्ची मागून सोडवला आहे. पानं तुझी आहेत, मी नुसता राखणदार, हे त्यांना इंग्रजीत कसं सांगायचं ते तू लिहून दिलंस तसं पाठ केलंय. सतराच्या सतरा पानं पत्र्याच्या पेटीत, लाल रुमालात, वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली आहेत. एकाही पानाला कसर लागलेली नाही. ज्या बंगल्याच्या लिलावातून तू ती रद्दीच्या भावात उचललीस, तिथल्या वाळवीलाही इतकी शिस्त नव्हती.

आणि हो, तुझा लेख दोनदा वाचला. मला कळलं ते असं, चुकलं तर कान धर. इंग्रजांकडे निसर्गचित्र ही आधी नोकरीतली कामगिरी होती. लष्करातल्या पोरांना चित्रकलेचे मास्तर नेमून शिकवायचे, का, तर पुढची टेकडी आणि शत्रूचा किल्ला नीट काढता यावा. शाईच्या रेघा, त्यावर करडी छाया, शेवटी नकाशाला लावतात तसा बेताचा रंग. तैलरंगवाले थोर, जलरंगवाले कारकून. मोठ्या प्रदर्शनात यांची चित्रं अडचणीत टांगायचे, म्हणून १८०४ साली यांनी रुसून आपली वेगळी पंगत मांडली. गर्टिन, टर्नर या मंडळींनी ती करडी छाया सोडून रंगच थेट कागदावर खेळवला. उजेडासाठी पांढरा रंग लावायचा नाही, कागद उघडा ठेवायचा, तोच उजेड. आणि तो कॉन्स्टेबल ढगांची चित्रं काढून त्यांच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वारा कुठला ते टिपत बसला. हा गृहस्थ आपल्या पंचांगकर्त्यांच्या घरी जावई म्हणून सहज खपला असता.

आता तुझा सिद्धांत: तिकडे पन्नास वर्षांत जेवढा रस्ता कापला गेला, तेवढा इथे एका बिननावाच्या मोजणी अधिकाऱ्यानं नागपूर ते रामटेक या वाटेवर दोन हिवाळ्यांत कापला. पहिलं पान म्हणजे रंगवलेला नकाशा. चौदावं म्हणजे रामटेकचा अंबाळा तलाव, आणि वर एका दमात ओल्या कागदावर सोडलेलं गर्द निळं आकाश. सगळा सिद्धांत त्या एका आकाशाच्या खुंटीला टांगलेला आहे, असं तूच लिहितोस.

साहेबांना ते पटलं, तर नोव्हेंबरात दिल्लीच्या प्रदर्शनात पानं लागणार, चौदावं पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर येणार आणि आत तुझा लेख. प्रयागवहिनींचं तेरावं झालं त्याच संध्याकाळी तू या लेखाची वही पुन्हा उघडलीस, हे मी पाहिलंय. त्यामुळे मंगळवारचं महत्त्व मला समजावून सांगायला नको. समजलंय.

सहा उत्तरं झाली. सातव्या प्रश्नाला या कागदावर जागा उरली नाही.

तुझा
मार्तंड


महाल, नागपूर
१० मे १९७३

प्रिय गोपाळ,

साहेब आले, साहेब पाहून गेले, साहेब खूश आहेत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा श्वास नीट चालेल.

माणूस सहा फुटांवर आहे आणि उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. कौशल्येनं दार उघडलं आणि मला आत येऊन म्हणाली, "अहो, तो बिचारा भाजून राहिला जी! आधी पन्हं देऊ द्या, मग दाखवा तुमची चित्रं." तीन पेले प्यायला. मग त्यानं जे केलं ते मला आवडलं: मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि वाळेपर्यंत हवेत धरून उभा राहिला. सोवळ्यात पूजेला बसणाऱ्या माणसासारखा. पानांना बोटांची टोकं लावायची फक्त कडेला.

पहिली चार पानं पाहताना तुझा लेख मांडीवर होता. पाचव्यापासून तो लेखाकडे जास्त आणि पानाकडे कमी पाहू लागला. सहाव्यावर थांबला.

"तुमचे मित्र म्हणतात, इथे आकाशात निळी झाक येऊ लागते."

"म्हणतात."

"मला गुलाबी दिसतंय."

मी म्हणालो, दिसतंय खरं. सातवं गुलाबी, आठवं गुलाबी, नवव्यावर ढग तेवढे गेरूच्या पाण्यासारखे, बाकी कोरा कागद. माझ्या सदऱ्याची पाठ ओली झाली, आणि तुला ठाऊक आहे, नागपूरच्या मेमध्ये घाम सुकतो, टिकत नाही.

मग चौदावं. तो उठला. पान खिडकीशी नेलं, वाळ्याची ताटी बाजूला सारली, आणि उजेडात तिरपं करून पाहिलं. शेवटी म्हणाला, "हे बाकीच्यांसारखं उडालं कसं नाही?"

मी म्हणालो, "हे पेटीत तळाशी होतं."

त्यानं मान हलवली आणि वहीत टिपून घेतलं. जाताना म्हणाला, या एका आकाशासाठी नागपूरच्या उन्हात पुन्हा येईन. पान तो दिल्लीला घेऊन गेला आहे, रीतसर पावती देऊन. पावती सोबत जोडली आहे.

आता जे लिहायचं ते.

बाकीची आकाशं उडाली ती माझ्यामुळे. आमच्या घरात पोथ्यांना दर वैशाखात ऊन दाखवायची रीत आहे. आजोबा करायचे, आबा करायचे. गच्चीवर सतरंजी टाकायची, रुमाल सोडायचे, पानं एकेक करून पसरायची, वर गोटे ठेवायचे, आणि माणसानं छत्री घेऊन माकडांवर लक्ष ठेवत बसायचं. पाच दिवस. त्यानं ओल जाते, कसर मरते. तू १९६२ साली जाताना पेटी माझ्या हवाली केलीस आणि म्हणालास, "तुझ्या पोथ्यांसारखी सांभाळ." मी तसंच केलं, गोपाळ. अकरा वैशाख. तुझ्या चित्रांना मी मानाची जागा द्यायचो, मधली, जिथे ऊन सगळ्यात जास्त वेळ टिकतं.

पोथीची शाई काजळाची असते. तिला सूर्य काही करत नाही. नीळ त्याला भिते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नव्हतं. साहेबांनी समजावलं: तो अधिकारी करड्या ढगांसाठी नीळ आणि तांबडी माती एकत्र कालवायचा. ऊन लागलं की नीळ निघून जाते, माती मागे राहते. म्हणून गुलाबी. विलायतेतही चांगल्या चांगल्या चित्रकारांची आकाशं अशीच गेली आहेत म्हणे. हे त्यांनी माझ्या सांत्वनासाठी सांगितलं असावं. मला एवढंच सुचलं, की त्या लोकांच्या खिडक्यांतून जे शंभर वर्षांत झालं, ते मी गच्चीवर अकरा वर्षांत करून दाखवलं.

शिव्या लिही. त्या मी शुद्धलेखन न तपासता स्वीकारीन.

तुझा
मार्तंड


महाल, नागपूर
१९ मे १९७३

प्रिय गोपाळ,

तुझी तार मिळाली. "चौदा वाचलं, बाकी विसर." चार शब्द. मागोमाग पत्र आलं. त्यात तू मला एकही शिवी दिलेली नाहीस. उलट लिहितोस, की चूक तुझी, तूच पोथ्यांचं नाव काढलंस. आणि खाली साहेबांनी पाठवलेल्या मसुद्याची नक्कल: चौदावं पान १९६१ साली मला मिळालं त्याच स्थितीत आज आहे, असं मी प्रमाणित करतो. पंचवीस तारखेपर्यंत सही करून दिल्लीला पाठवायचं.

सही करू नकोस.

चौदावं वाचलेलं नाही. ते तळाशीही नव्हतं. ते सगळ्यात मानाचं पान, त्याला सगळ्यात जास्त ऊन मिळालं. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं असं कोणी सिद्ध करू शकणार नाही, कारण मी फक्त साहेब काय बोलले आणि मी काय बोललो तेवढं उतरवून काढलं. दुसऱ्याची समजूत चुकू द्यायची आणि आपण शब्दांच्या आड उभं राहायचं, याला न्यायशास्त्रात छल म्हणतात. दहावीच्या वर्गाला मी तो तिरस्कारानं शिकवतो.

झालं ते असं. मार्चमध्ये तुझा लेख आला. चौदाव्या पानाचं वर्णन वाचलं आणि वाटलं, पान समोर ठेवून पुन्हा वाचावं, जरा चैन करावी. पेटी उघडली. तू लिहिलं होतंस, माथ्याला गर्द, खाली उतरताना विरत जाणारं, तलावाच्या काठाशी नुसता कागदाचा उजेड. माझ्या हातात होतं ते चहाचं धुवण सांडलेलं पान. दरवर्षी थोडं थोडं गेलं असणार, आणि मी दरवर्षी तेच पान पाहत होतो, म्हणून मला दिसलं नाही. तुझ्या शब्दांत दिसलं.

त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी इतवारीत गेलो.

नत्थूजी पंसाऱ्याच्या दुकानात जुनी नीळ मिळते, वडीची, झाडाची. पंच्याहत्तरीचा म्हातारा, चष्म्यावरून पाहत म्हणाला, "काहून गा मास्तर, केस रंगवून राहिले का?"

मी म्हणालो, हो.

"डोक्यावर आहे किती तुमच्या! तोळाभरात भागून जाते. मास्तरीणबाईले पसंत नाही का पांढरे?"

सगळं दुकान हसलं, मीही हसलो. बाभळीचा डिंक त्याच्याकडूनच घेतला. घरी खलात नीळ दोन दिवस घोटली, डिंकाच्या पाण्यात कालवली, वस्त्रगाळ केली. कृती तुझ्याच लेखाच्या तळटीपेतली आहे. सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी घेऊन मी पंधरा दिवस आकाशं सोडत बसलो होतो. कौशल्या येता-जाता पाहायची. एक दिवस म्हणाली, "काय करून राहिले तुम्ही?"

"सराव."

"कशाचा?"

मी कुंचला पाण्यात बुडवला. तिनं पेटीकडे पाहिलं, उघड्या पानाकडे पाहिलं आणि तिथेच पाटावर बसली. "गोपाळभाऊजीले सांगितलं का?"

"सांगतो."

"कधी? तो माणूस मेल्यावर सांगान का?"

काटोलकडची बाई आहे, शब्द जपून वापरत नाही.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, उजेड चांगला असताना, मी ते केलं. कागद पालथ्या हातानं ओला केला. पुढचं तुला माहीत आहे, कारण ते तूच मला शिकवलंस. नाटक मंडळीचे पडदे रंगवायचो तेव्हा देवळं, झाडं, राजवाडे तू रेखायचास आणि आकाश माझ्याकडे सोपवायचास. "मार्तंडा, थांबायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही, वरून खाली ओढत आणायचं." मला आयुष्यात एवढीच चित्रकला येते, आणि ती मी अशी वापरली.

आता सगळ्यात वाईट ते सांगतो. रंग वाळला तेव्हा मला ते सुंदर वाटलं. पाच मिनिटं मी विसरून गेलो की हे काय आहे. तलावावर ते आकाश उभं राहिलं आणि पंचवीस वर्षांनी मला वाटलं, तू आत्ता मागून येशील आणि म्हणशील, जमलं रे.

साहेबांना ते कळलं नाही. नीळ खरी, डिंक खरा, खालचा कागद खरा. तो मोठा जाणकार आहे, पण त्यानं माझा हात पाहिलेला नाही. तू पाहिला आहेस. आबांनी लहानपणी माझा डावा हात दोरीनं पाठीशी बांधला, म्हणून लिहिणं, जेवणं, पूजा सगळं उजव्यानं आलं. कुंचल्याबद्दल मात्र आमच्या घरात काही नियमच नव्हता, तो राहिला डाव्या हातात. माझी निळी ओढ उजवीकडून निघते आणि डाव्या कडेला साचते. पडद्यांवर ते तू दर वेळी पुसून घ्यायचास. या पानावर साचलंय, बोटभर, डाव्या कडेला. नोव्हेंबरात दिल्लीला दारातून आत पाऊल टाकताच तुला दिसलं असतं.

ऊन दाखवलं ती चूक होती. तिच्याबद्दल तू मला माफ केलंस, मी ती माफी घेतली. रंग लावला ते चुकून नाही. नंतर चौदाव्याचा निळा कसा आहे हा तुझा सातवा प्रश्न टाळला, आणि साहेबांसमोर खोटं बोललो, तेही दाढदुखी नसताना, स्पष्ट उच्चारात.

हे वाचून तू काय करशील ते मला ठाऊक आहे. तू अर्धा तास फेऱ्या घालशील. मग म्हणशील, मार्तंडाला शाळेत आणखी तीन वर्षं काढायची आहेत, त्याचं नाव कशाला. हे पत्र चुलीत टाकशील आणि त्या मसुद्यावर सही करशील. मग तुझ्या अकरा वर्षांच्या अभ्यासाखाली माझं खोटं असेल आणि त्याखाली तुझं नाव.

म्हणून मी आधी साहेबांना लिहिलं. कालच्या टपालानं, रजिस्टर करून. ऊन, नीळ, डिंक, डावी कड, तळाशी होतं हे खोटं, सगळं. तुला यातलं काही माहीत नव्हतं, हे दोनदा लिहिलं. पोचपावतीचं कार्ड लावलंय. आता तुला मला वाचवता येणार नाही.

मुखपृष्ठ जाईल. बहुधा लेखही जाईल. तुझी १९६१ची टिपणं आहेत, पण टिपण म्हणजे आकाश नव्हे, आणि मी तुला तसं म्हणून फसवणार नाही. प्रदर्शनवाले काय ठरवतील ते मला माहीत नाही. साहेब रागावतील, त्यांचा तो हक्क आहे. पानांचं जे झालं ते मी रोज पाहतो, त्याची आता सवय होईल. तू माझ्याशी बोलणं सोडलंस तर तेही मी समजून घेईन.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, ती मी तिन्ही पत्रांत टाळली. वहिनी गेल्यापासून तू सकाळी उठतोस तो या लेखासाठी. तूच एकदा लिहिलं होतंस, वही उघडली की चहा करावासा वाटतो. आता वही उघडायचं कारण मी घालवलंय. इंदूरच्या त्या खोलीत तू एकटा आहेस, आणि परवा, तेरवा, सकाळी उठून तू काय करशील, हे मला कितीही विचार केला तरी डोळ्यांपुढे येत नाही. गोपाळ, मला त्याची भीती वाटते.

मार्तंड